सातव्या प्रकरणातली बाई

छापखान्यात त्याला सगळे कानामात्रा म्हणत. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात एकतीस वर्षं गेली, त्यामुळे आपल्या हातून चूक होणंच शक्य नाही, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्याचीच नोकरी असली, की स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळाकडे बघायला सवड कुठून मिळणार?

अशा माणसाने छप्पन्नाव्या वर्षी कादंबरी लिहिली. साधीसुधी नव्हे, उत्तर-आधुनिक. म्हणजे प्रकरणं उलटसुलट, मधूनमधून लेखक स्वतः येऊन वाचकांशी गप्पा मारणार, आणि तळटीपा इतक्या, की काही पानांवर मजकुरालाच अंग चोरून बसावं लागत होतं. नायिकेला नाव नव्हतं, ती नुसती ‘ती’. नाव दिलं की बाईला चौकटीत बसवल्यासारखं होतं, असं त्याने तिसऱ्या तळटीपेत म्हटलं होतं. ते वाक्य त्याला इतकं आवडलं, की नवव्या तळटीपेतही त्याने ते घातलं.

ती म्हणजे त्याची बायको, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिने एकदाच, भाजी निवडता निवडता, त्याला सांगितलं होतं: आधी तिचं एकावर प्रेम होतं, दोघांचं पळून जायचं ठरलं होतं, ती बॅग घेऊन बसस्थानकावर गेली आणि संध्याकाळच्या आत परत आली. घरात कुणाला कळलंही नाही. तो तेव्हा "असू दे" म्हणाला होता, आणि आपल्या मोठेपणाने त्याचं त्यालाच भरून आलं होतं. सव्वीस वर्षांनी त्याने त्या गोष्टीचं सातवं प्रकरण केलं. त्यात ती बाकावर वाट बघते, तो येत नाही, आणि मग ती जन्मभर खिडकीशी उभी राहते. खाली तळटीप: ‘हे दुःख वापरण्याचा आपल्याला नैतिक अधिकार नाही, याची लेखकाला जाणीव आहे.’ जाणीव आहे म्हटलं की झालं, चोरी माफ!

सोमवारी पुस्तक छपाईला जायचं होतं. प्रुफं तपासायची त्याची पद्धत जुनी. एकाने हस्तलिखित विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर खुणा करायच्या. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, असं तो नव्या लेखकांना दरडावून सांगायचा. पण वाचणारा त्याचा जोडीदार घसा बसून घरी पडला होता. रविवारी दुपारी तो जेवणाच्या टेबलाशी कागद पसरून एकटाच बसलेला बघून बायको म्हणाली, "आणा इकडे, मी वाचते." नाही म्हणायला त्याला कारण सुचेना. दोनशे पानं सुचली होती, हे एक सुचेना.

"ती खिडकीशी उभी राहिली पूर्णविराम," तिने सुरुवात केली. "तिच्यात कुणीच नव्हतं स्वल्पविराम, ती स्वतःसुद्धा नव्हती पूर्णविराम." किराण्याची यादी वाचावी तसा आवाज. चौथ्या प्रकरणात ती थांबली.

"ही बाई जेवते कधी?"

"ती प्रतीक आहे."

"बरं. पण अकरा वेळा खिडकीशी उभी राहिली. पाय दुखत नाहीत हिचे?"

त्याने समजावून सांगितलं, की पुरुष लेखक बाईला कसं रिकामं करून टाकतात, तेच त्याला दाखवायचं आहे.

"मग दाखवलंत की," ती म्हणाली आणि तिने पान उलटलं.

सातवं प्रकरण आलं, तेव्हा तो उगाचच पेन्सिलीला टोक करायला लागला. तिने ते पहिल्या शब्दापासून तळटीपेपर्यंत वाचलं, एकही स्वल्पविराम न गाळता. मग कागद नीट जुळवून ठेवले.

"हे मी तुम्हाला सांगितलं होतं. एकट्या तुम्हाला."

त्याने तोंड उघडलं. सांगण्यासारखं होतं ते सगळं तळटीपेत आलंच होतं, म्हणून मिटलं.

"आणि तो आला होता," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण काय? तोच. वेळेवर आला होता, तिकिटं घेऊन. मीच उठून घरी आले."

तो येत नाही, असं तिने कधी म्हटलंच नव्हतं. ते त्याने आपल्या मनाने घातलं होतं. बाई परत आली म्हणजे पुरुषाने दगा दिला असणार, दुसरं काही असू शकतं हे या नामवंत चूक-शोधकाच्या डोक्यातच आलं नाही. आणि आता पहिला विचार काय आला? खरी गोष्ट आपल्या गोष्टीपेक्षा कितीतरी सरस आहे, प्रकाशकाकडून चार दिवस मागून घ्यावेत! मग त्याला स्वतःची लाज वाटली. जरा उशिराच, पण मनापासून वाटली.

त्याने लाल पेन्सिलीने सातवं प्रकरण खोडलं. आठवं त्यावरच उभं होतं, म्हणून तेही खोडलं. असं करत करत शेवटी नुसत्या तळटीपा उरल्या. तेव्हा त्याने प्रकाशकाला फोन करून कादंबरी परत घेत असल्याचं कळवलं.

"अहो, पण ते सातवं प्रकरण! तेवढं एकच तर वाचण्यासारखं होतं," प्रकाशक कळवळला.

"म्हणूनच," म्हणून त्याने फोन ठेवला, आणि मोठा त्याग केलेल्या माणसाच्या चेहऱ्याने बायकोकडे बघितलं.

"मग? सत्कार करू का?"

तो खाली बसला. मग त्याने विचारलं, "का गेली नाहीस गं त्याच्याबरोबर?"

तिने टेबलावरचे कागद बाजूला सारले.

"कुठे राहायचं, मी काय करायचं, सगळं त्याने ठरवलं होतं. माझ्या नोकरीचा राजीनामासुद्धा तोच लिहून घेऊन आला होता, छान अक्षरात. मी फक्त सही करायची. मला काय हवंय ते एकदाही विचारलं नव्हतं त्याने. प्रेम होतं हो माझं, खूप होतं. रडत घरी आले."

तिने चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्हीही काही विचारलं नाहीत. मला वाटलं, तुम्ही ऐकताय."