भेकर येईपर्यंत

इथे लोक आपापले अनुभव लिहितात ते मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मनातल्या मनात हसते. मी फार्मासिस्ट आहे. खेडला बाजारपेठेत एका मेडिकल स्टोअरमध्ये काम करते. आधी अंगारा लावून मग तापाची गोळी मागायला येणारी माणसं रोज बघते, त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आता आहे असंही म्हणवत नाही... पण माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत जे घडलं ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आमचं गाव खेडपासून एस.टी.ने तासाभरावर, सह्याद्रीच्या पायथ्याला. नाव लिहीत नाही, गावची मंडळी इथे वाचतात. माझा नवरा महेश मुंबईला नोकरीला, गणपती आणि शिमग्याला येणार. मुलगी चिपळूणला हॉस्टेलवर. घरी आम्ही दोघंच — मी आणि सासरे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो.

आबा तरुणपणी शिकार करायचे. घराच्या मागे उतरून गेलं की पऱ्या आहे, म्हणजे ओढा. काठावर ऐनाचं एक जुनं झाड, आणि त्याच्यावर आबांचं मचाण. उन्हाळ्यात बाकीचं पाणी आटलं की तिथल्या डोहावर संध्याकाळी भेकर यायचं. भेकर म्हणजे लहानसं हरणच, पण भुंकतं कुत्र्यासारखं. पुढे कायदा आला आणि आबांनी ठासणीची बंदूक जमा केली. शिकार सुटली, बसणं काही सुटलं नाही. दरवर्षी मचाणाला नवे बांबू बांधायचे आणि रिकाम्या हातांनी वर जाऊन बसायचे.

मला ते पहिल्यांदा तिथे घेऊन गेले ते माझं पहिलं बाळ पोटातच गेलं त्या वर्षी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. महेश सुट्टी संपवून परत गेलेला. मी घरात कुणाशी बोलत नव्हते, जेवत नव्हते. आबांनी ना समजूत घातली, ना देवाधर्माचं काही सांगितलं. एके दिवशी चार वाजता म्हणाले, चल माझ्यासंगट. सासऱ्यांबरोबर झाडावर चढायचं म्हणजे मला कसंतरीच वाटलं, पण गेले.

वर आम्ही नुसते बसून राहिलो. पायाला मुंग्या आल्या, मानेवर डास चावत होते. मी सारखी हलत होते. शेवटी ते हळूच म्हणाले, "जंगलाला तुझा विसर पडू दे. मग येल ता."

खरंच आलं. पावलाचा आवाज नाही, काही नाही. मघाशी नव्हतं आणि आता पाण्याशी उभं होतं. तांबूस अंग, ओलं नाक. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही, कारण हात हलला असता. आबा भेकराकडे बघत राहिले, माझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्यांचे ते उपकार मी विसरणार नाही.

पुढे मुलगी झाली, वर्षं गेली. आबांनी ऐंशी ओलांडली आणि त्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. मला ते ‘चंद्री’ म्हणून हाक मारायचे. चंद्री त्यांची धाकटी बहीण, कधीच वारलेली. मीही ओ द्यायचे. मचाणावर जाणं बंद झालं होतं.

तो रविवार होता, शिमगा नुकताच होऊन गेलेला. दुपारी जेवून आबा ओटीवर आडवे झाले. मी मागे भांडी घासून आले तर ओटी रिकामी, वहाणा जागेवर. देऊळ, विहीर, एस.टी.चा थांबा सगळं पालथं घातलं. शेजारच्या दत्तूभाऊंनी वाडीतली माणसं गोळा केली. कुणीतरी म्हणालं, म्हातारबाबा सडकेकडे जाताना दिसले, तशी सगळी तिकडे धावली.

मी पऱ्याकडे गेले. मचाण रिकामं होतं. मी हाका मारत सुटले. "आबा... आबा..." घसा बसला. वरून लांबचं दिसेल म्हणून चढले, तर वरूनही काही दिसेना. सुकलेलं गवत, कातळ, पलीकडे करवंदीच्या जाळ्या. खाली उतरायला म्हणून शिडीवर पाय टाकला...

आणि कानाशी आबांचा आवाज आला. "बस गो. एवढ्यात उतरू नको."

आठवण आली असं नाही म्हणत मी. डाव्या बाजूने आला, ते बसायचे त्या बाजूने. मी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

का बसले ते सांगता येणार नाही. बसले. तेवढ्यात फोन वाजला, दत्तूभाऊंचा. मी उचलला नाही, सायलेंट केला. आपण काय वेडेपणा करतोय हे कळत होतं. म्हातारा माणूस हरवलाय, ऊन कलतंय, आणि सून झाडावर बसलीय! हात हलला की काकणं वाजत होती, ती काढून ओढणीच्या टोकाला बांधली. थोड्या वेळाने राहवेना, पुन्हा उठायला गेले. तेव्हा माझ्या डाव्या बाजूचा बांबू करकरला आणि खाली वाकला. शेजारी कुणी टेकल्यावर वाकतो तसा. खांद्यावर काहीतरी ऊबदार टेकलं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट इतकं शांत वाटलं... दुपारपासून पहिल्यांदाच नीट श्वास घेतला.

मी हलले नाही. माझ्या ओरडण्याने गप्प झालेले पक्षी हळूहळू बोलायला लागले. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं आणि भेकर आलं. पाण्याला तोंड लावणार तोच मान वर केली. पलीकडच्या करवंदीच्या जाळीकडे बघून पाय आपटला, भुंकलं. भुंकलं की भेकर पळतं, हे मला आबांनीच सांगितलेलं. हे पळालं नाही. तिकडेच कान लावून उभं राहिलं.

मीही कान दिला. आणि मला ऐकू आलं. अगदी बारीक कण्हणं. मी ओरडत राहिले असते, किंवा उतरून निघाले असते, तर ते कधीच ऐकू आलं नसतं.

आबा जाळीपलीकडच्या घळीत पडले होते, पालथे. पाय मोडलेला, ओठ सुकलेले, घशातून आवाज फुटत नव्हता. मी फोन केला, माणसं आली. चादरीच्या झोळीत घालून त्यांना सडकेवर आणलं आणि तिथून गाडीने खेडला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, रात्रभर तसेच राहिले असते तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चमच्याने त्यांना पाणी पाजत होते. महेश पहाटेच मुंबईहून आलेला, खाटेच्या पायथ्याशी उभा होता. आबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वैशाली."

कितीतरी महिन्यांनी माझं नाव घेतलं त्यांनी. मग थांबत थांबत बोलले. "बरी बसलीस. उठत होतीस सारखी... मी खांद्यावर हात ठेवला. काकणां सोडून ओढणीत बांधलीस, ता बरा केलास."

महेश माझ्याकडे बघायला लागला. काकणांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळे सडकेवर धावत असताना आपण झाडावर बसून होतो हे सांगायचीच मला लाज वाटत होती.

मी विचारलं, "आबा, फार दुखत होतं का?"

"नाय गो," ते म्हणाले. "मी तिथे कुठे होतो? मी तुझ्या बाजूला बसलेलो."

नंतर महेश त्या घळीत जाऊन स्वतः आडवा पडून आला. तिथून मचाण दिसत नाही, मध्ये भलाथोरला कातळ आहे. दत्तूभाऊ सरळ म्हणाले, म्हाताऱ्याचा जीव बाहेर येऊन बसला होता. डॉक्टरांचं म्हणणं, अशा आजारात मध्येच असा शहाणा क्षण येतो, आणि तहानेने, वेदनेने माणूस काहीबाही बोलतो. मला ते पटतं. आवाजाचं मी समजू शकते, भीतीने कान वाजतात. बांबूही जुने होते. पण काकणांचं काय, ते मला डॉक्टरांनाही विचारता आलं नाही आणि स्वतःलाही सांगता येत नाही.

आबा भाताची लावणी होईपर्यंत होते. घरीच गेले, झोपेत. त्या सकाळनंतर मी पुन्हा चंद्री झाले ती शेवटपर्यंत.

लोक मला म्हणतात, तेव्हाच नीट विचारायचं होतंस, ते तिथे कसे आले, काय काय दिसलं, सगळं. खरंय, विचारायला हवं होतं. पण ते मला ओळखत होते. माझ्याकडे बघत होते. चमचा हातात तसाच धरून मी बसून राहिले, पापणीसुद्धा लवू दिली नाही.