खलाससाहेबांचा विलायती मग

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, तर आमच्या खलाससाहेबांचे. मूळचे रत्नागिरीचे. दुबईजवळच्या रास अल खैमातल्या कपबशांच्या कारखान्यात ते तपासणीप्रमुख होते. कपाला टिचकी मारायची, आवाज खणखणीत आला तर पास, बद्द आला तर "खलास!" म्हणून पिंपात भिरकावायचा. एवढ्याशा कामात जितकी माणसं दुखावता येतात, तितकी त्यांनी मनापासून दुखावली.

घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी छाती काढून त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते म्हणाले, "पदवी नीट गुंडाळून ठेव, इथे वाळू फार उडते. कान आणलेस का?" कान होते, नोकरी लागली.

कारखान्यात केसाएवढी भेग न चालवणारा हा माणूस घरी मात्र एका भेगाळलेल्या मगाचे लाड करी. मग जुना, इंग्लंडात घडलेला. त्यावर कंपनी सरकारातल्या एका साहेबाचं गुबगुबीत थोबाड. अर्ध्या विलायतेने म्हणे त्याला लुटारू ठरवलं होतं आणि उरलेल्या अर्धीने त्याच्या गौरवाचे मग विकत घेतले होते.

"ज्यानं आपल्याला लुटलं, त्याला रोज पुसता," त्यांच्या बेगम, आमच्या चाची, म्हणायच्या. "माझ्या अब्बांचा फोटो कधी पुसलात?"

"तुझ्या अब्बांवरून एवढे वाद कुठे झाले?"

पुढे कारखान्याने तसे मग काढायचं ठरवलं. साहेबांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, आपला मग नमुन्यासाठी घराबाहेर काढला. साचेवाल्याने तो ठेवला नेमका तपासणीच्या टेबलावर, कपांच्या रांगेत. तेवढ्यात मॅनेजर आले.

"हबीबी, कंटेनर उद्या निघतोय. बारीक भेगा कोण बघतो? ॲडजस्ट करा ना."

साहेब त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते. हात सवयीने चालूच. टिचकी, पास. टिचकी, पास. टिचकी, बद्द.

"खलास!"

पिंपात विलायतेचे तुकडे झाले. साहेबांनी वाकून पाहिलं. मग मॅनेजरकडे वळून शांतपणे म्हणाले, "माझा गेला. आता सांगा, तुमचे कुठले पास करू?"

मॅनेजरना अचानक फार महत्त्वाचा फोन आला.

साहेब निवृत्त होऊन गावी गेले, त्यांची जागा मला मिळाली. आजच मी त्यांना पत्र धाडलं:

"साहेब, सलाम. चाचींनाही सांगा. मालकांच्या मेहुण्यांनी कुठून तरी बशा आणल्या होत्या, आपल्या कारखान्याच्या नावाने पाठवायला. सगळ्या नापास केल्या. मालकांनी उद्या सकाळी केबिनमध्ये बोलावलं आहे, चहाला नसावं. रत्नागिरीत माझ्यासाठी एखादं काम बघून ठेवा. इन्शाल्ला, लागणार नाही."