चिठ्ठीत नसलेली ट्यूब

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही तो बसलाय असं म्हणवत नाही. बेळगावच्या एका लॅबमध्ये मी सोळा वर्षं टेक्निशियन आहे. यादी केल्याशिवाय माझं पान हलत नाही. म्हणून जे झालं ते क्रमानं सांगते.

पाच वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला, शोभाला, लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस राहिले... आणि तो द्राक्षगर्भ निघाला. म्हणजे पोटात बाळ नाहीच, नुसते द्राक्षाच्या घोसासारखे फुगे. पिशवी साफ केली. पण गरोदरपणाचं हार्मोन त्यानंतरही रक्तात वाढत राहिलं, तर कॅन्सरची भीती असते. ते शून्यावर येऊन वर्षभर तसंच राहिलं, तरच पुन्हा मुलाचा विचार करायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ती तपासणी माझ्याच हातची. रक्तातलं हार्मोन आणि आम्ही घातलेलं किरणोत्सर्गी हार्मोन, दोन्ही एकाच अँटिबॉडीला चिकटायला बघतात. रक्तात जितकं जास्त, तितकं आमचं कमी चिकटतं. किती चिकटलं ते दुसऱ्या दिवशी काउंटर नावाच्या यंत्रावर मोजायचं. प्रत्येक नमुना दोनदा लावायचा. आकडे जुळले तरच रिपोर्ट.

दर मंगळवारी निपाणीच्या, म्हणजे शोभाच्या गावच्या, दवाखान्यातून बर्फ घातलेला थर्मास बसच्या कंडक्टरबरोबर यायचा, सोबत नावांची चिठ्ठी. तिथल्या नर्सचं अक्षर लागत नाही म्हणून मी एकदा कुरकुरले. तेव्हापासून शोभा आपल्या ट्यूबवरच्या चिकटपट्टीवर नाव, वार, वेळ स्वतःच लिहायची.

महिन्यातून एकदा ती माझ्यासाठी डबा घेऊन स्वतः लॅबमध्ये यायची.

"आक्का, गेलं का गं ते?"

"कमी झालंय. अजून हाय."

"बाजाराची बी यादी करतीस तू. माझं बाळ कितव्या नंबरावर लिवलंयस?"

"आधी औषध घे वेळेवर."

"न्हाय घेतलं तर तू सोडतीस व्हय?"

शेवटच्या खेपेला आकडा वाढला होता. त्या दिवशी ती डबा तसाच परत घेऊन गेली.

पुढच्या मंगळवारी बाराला थर्मास आला. माझ्या वहीत नोंद आहे — चिठ्ठीत दोन नावं, ट्यूब तीन, विचारणे. तिसरी शोभाची. अक्षर तिचं, खाली 'मंगळवार, सकाळी ७'. नर्स चिठ्ठीत लिहायला विसरली असेल, असं धरून मी ती लावली. बुधवारी मोजली. शून्य. दोन्ही आकडे जुळले.

लॅबचा फोन आठवडाभर बंद होता. पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. शोभाच्या घराशेजारी तंबाखूच्या वखारीत फोन होता. तिचा नवरा बाळासो आला.

"बाळासो, शून्य आलं. शोभाला सांगा, शून्य."

लाइन खराब असेल, म्हणून मी आवाज चढवला.

"ऐकू येतंय न्हवं?"

"आक्का... तार मिळाली न्हाय व्हय तुम्हाला?"

शोभा सोमवारी संध्याकाळी गेली होती. डोक्यात रक्तस्राव; तो आजार मेंदूपर्यंत पसरला होता. त्यांनी लगेच तार केली, मंगळवारी दुपारपर्यंत माझी वाट पाहिली आणि मग उचललं. तार माझ्या जुन्या खोलीवर गेली होती. महिन्यापूर्वीच मी घर बदललं होतं. नवा पत्ता कुणाकुणाला कळवायचा, याची मी यादी केली होती — गॅस, बँक, ऑफिस. शोभाला तोंडी सांगितलंय, म्हणून निपाणी त्यात लिहिली नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर मी दवाखान्यात गेले. नर्स म्हणाली, "बाई, त्या आठवड्यात त्यांचं रक्त काढलंच न्हाय. थर्मासात मी दोनच ट्यूबा घातलेल्या." आमचे डॉक्टर म्हणाले, त्या दुखण्यानं गेलेल्या बाईचा आकडा शून्य येणं शक्यच नाही; दुसऱ्या कुणाचं तरी रक्त असेल. असेलही. रक्तगट तपासला, तो शोभाचाच निघाला. पण तो गट तर हजारोंचा असतो. उरलेला नमुना मी पुन्हा लावला. पुन्हा शून्य.

ती चिकटपट्टी मी बाळासोंना दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून वाचली.

"अक्षर तिचंच हाय, आक्का." मग खाली बघत त्यांनी विचारलं, "म्हंजे... बरी झालती व्हय ती?"

चार वर्षं झाली. त्यांना काय सांगायचं, ते मला अजून कळलेलं नाही.