ऑगस्टातले हातमोजे

म्ल्येत बेटावरच्या स्टिएपोच्या तळहातांवर जन्मल्या वर्षीच पिवळट, जाड कातडं चढू लागलं आणि मनगटापर्यंत आलं. तळपायांचंही तेच. भेगा पडायच्या, घामाने वास मारायचा. गावातली माणसं म्हणायची, "चुलीवरचं भांडं उतरवायला फडकं कशाला? स्टिएपोला हाक मारा की!" तोही हसायचा. पण चर्चमध्ये शेजाऱ्याच्या हातात हात द्यायची वेळ आली की हीच माणसं खिशात रुमाल शोधायला लागत.

डॉक्टरीणबाईंनी त्याला एकदा नीट समजावलं होतं. "हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, पाप नाही, महारोग तर नाहीच. रक्तातून येतं. आई आणि बाप, दोघांकडून आलं तरच मुलाला होतं. आणि या बेटावर ते पुष्कळांच्या रक्तात लपलेलं आहे." त्याने खूणगाठ बांधली. आपली लेक देशा हिला शिकायला समुद्रापार दुब्रोव्निक शहरात धाडलं आणि तिथल्याच मुलाला दिलं. बेटावरचा जावई नको म्हणजे नको.

लग्नात त्याने पांढरे हातमोजे घातले. "चुन्याच्या भट्टीत हात भाजले," असं सांगितलं, लेकीलाही तेच सांगायला लावलं. विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "माझी आईसुद्धा मोठी टापटिपीची हो! ऑगस्टात, द्राक्षाच्या मळ्यात, तरी हातमोजे काढायची नाही."

स्टिएपोने वाइनचा पेला खाली ठेवला. त्या म्हातारीचं माहेर कुठलं, एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं, तर आपलेही मोजे काढावे लागतील. झाकली मूठ सव्वा लाखाची! भेकड कुठला. गप्प बसला आणि नाचायला उठला.

नात झाली. नाव येला. तिला उचलावं तर दुपट्याची लोकर त्याच्या हातांना अडकायची. मग हट्टाला पेटला. रोज सकाळी मिठाच्या कोमट पाण्यात हात बुडवायचे, वज्रीने घासायचे, मलम लावून वर पिशवी बांधायची. शिवाय डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या. ओठ फुटले, नाकातून रक्त आलं. सात महिन्यांनी कातडं निघालं, आणि आतला हात इतका कोवळा की जाळ्याची दोरीही बोचायची. शेळीचं नाक ओलं असतं, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

देशा नातीला घेऊन बेटावर आली. "घ्या बाबा. आता काही अडकायचं नाही."

त्याने येलाला मांडीवर घेतलं, तिचे विणलेले मोजे काढले आणि एक पाऊल तळहातावर धरलं. टाचेच्या कडेने कातडं जाड, खरखरीत लागत होतं. जुन्या हाताला हे कधी कळलंच नसतं.

"रांगताना घासलं असेल," देशा घाईने म्हणाली. "सासूबाई म्हणतात, आत्तापासून मोजे घाला, सवय होईल."

"तुझ्या सासूच्या आईचं माहेर कुठलं गं?"

देशाने खाली पडलेला मोजा उचलला. "इथलंच. बेटाच्या पलीकडच्या टोकाचं. गेल्या महिन्यात कळलं मला."

स्टिएपोला रडू फुटलं. "मला शंका आली होती, पोरी. तुझ्या लग्नातच."

देशाने त्याच्याकडे पाहिलं. मग येलाला त्याच्या हातातून काढून घेतलं.