सासूबाईंचं सिम

तरणतलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे शिट्टीताई म्हणत. गळ्यात शिट्टी असे खरी, पण ती वाजवायची वेळ क्वचितच येई. त्यांचा आवाजच असा खणखणीत, की "श्वास धरा!" म्हटल्यावर कपडे बदलायच्या खोलीतली माणसंही श्वास धरून उभी राहत. पाण्याला भिणारे सगळे जीव त्यांच्याकडे येत आणि दोन-चार महिन्यांत माशासारखे नाही, तरी बदकासारखे तरंगायला लागत.

त्यांच्या फोनना मात्र पोहणं कधी जमलं नाही. एक खिशातून सटकून थेट खोल पाण्यात गेला, दुसरा बादलीत बुडाला. तेव्हापासून नवाकोरा फोन आणायचाच नाही, असं सासूबाईंनी फर्मान काढलं. "बुडवायलाच घ्यायचा तर वापरलेला घे," त्या म्हणाल्या. त्यांचं चूक होतं असंही म्हणता येत नव्हतं.

पण वापरलेल्या फोनने शिट्टीताईंचे हात एकदा चांगलेच पोळले होते. रस्त्यावरच्या एका दुकानातून चकचकीत फोन आणला, घरी येऊन सिम घातलं, तर पडद्यावर अक्षरं आली: हे सिम चालणार नाही. फोन एका कंपनीला बांधलेला होता. त्या कंपनीचं सिम असेल तरच बोलणार, नाहीतर तोंडात मिठाची गुळणी. दुकानदार तोवर गाशा गुंडाळून पसार झालेला. मग तो फोन बिचारा अंडी किती वेळ उकळली हे मोजायच्या कामी लागला आणि शिट्टीताईंचे यजमान पाहुण्यांना तो "आमचं महागडं घड्याळ" म्हणून दाखवायला लागले.

म्हणून या खेपेला शिट्टीताई सासूबाईंना बरोबर घेऊन निघाल्या. सासू-सुनेचं कशावर एकमत नसे, फोनच्या कंपनीवरही नव्हतं. दोघींची सिमं दोन वेगळ्या कंपन्यांची. दोन्ही चालली तर फोन मोकळा, एवढा सरळ हिशेब.

फोन विकणारे काका शिट्टीताईंच्या वर्गातलेच. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, आता दुकान बंद करून घरी बसलेले. अबोल, टापटिपीचे. पाण्यातसुद्धा केसांचा भांग मोडणार नाही याची काळजी घेणारे. शिट्टीताईंना फोन हवाय हे कानावर आल्यावर ते म्हणाले होते, "माझ्याकडे एक पडून आहे. मुलीने दिलेला. अगदी नवा. मला काही लागत नाही."

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, खिडकीशी कामाचं जुनं टेबल, भिंतीवर घड्याळंच घड्याळं. काकांनी कपाटातून खोका काढला. आतला फोन मऊ कापडात गुंडाळलेला, एक ओरखडा नाही.

"अगदी घडी न मोडलेला!" सासूबाई म्हणाल्या. "घेऊन टाक गं."

"थांबा, आई. आधी सिम घालून बघू."

"कशाला उगीच?" काका घाईघाईने म्हणाले. "चांगलाच आहे तो."

त्यांचा चेहरा उतरला, हे शिट्टीताईंनी पाहिलं. पाण्यात उतरायच्या आधी माणसांचे असे चेहरे त्या रोज बघत. त्यांनी टेबलावरचा बारीक चिमटा उचलला, सध्या वापरत होत्या त्या यजमानांच्या जुन्या फोनमधून स्वतःचं सिम काढलं आणि काकांच्या फोनमध्ये सरकवलं. पुन्हा तीच अक्षरं: हे सिम चालणार नाही.

काका खाली बघत हळूच म्हणाले, "माझ्याही वेळी असंच झालं होतं."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. जन्मभर मुंगीएवढे स्क्रू लावले, आणि एक सिम नीट बसवता येईना. मुलीला कुठल्या तोंडाने सांगणार? तिने विचारलं, तर म्हटलं, छान चालतोय. आणि हा ठेवून देऊन जुना बटणांचाच फोन वापरत राहिलो. तुम्ही जाणत्या, तुमच्या हाताने चालेल असं वाटलं होतं, ताई. फसवायचं मनात नव्हतं."

शिट्टीताईंना रागवावं की हसावं कळेना. "आई, तुमचं सिम द्या बघू."

"माझं बरं देईन! हरवलंस तर?"

"तुमच्या डोळ्यांसमोर घालते."

कुरकुरत सासूबाईंनी आपला फोन पुढे केला. त्यांचं सिम आत गेलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात रेघा उभ्या राहिल्या. शिट्टीताईंनी यजमानांच्या जुन्या फोनमध्ये आपलं सिम परत घालून सासूबाईंच्या नंबरावर फोन लावला. काकांच्या घरात तो नवा फोन पहिल्यांदाच वाजला. काका खुर्चीतून उठलेच.

"बघितलंत? फोन धडधाकट आहे, आणि तुमच्या हातांनाही काही झालेलं नाही," शिट्टीताई म्हणाल्या. "तो आईंच्या कंपनीला बांधलेला आहे, एवढंच. तुमचं सिम दुसऱ्या कंपनीचं असणार. मुलीने हा हप्त्यावर घेतला होता का?"

"हो. ते फिटलेही कधीच."

"मग तिने कंपनीला सांगितलं की ते कुलूप काढतील. लावा तिला फोन."

"आत्ता? अन् काय सांगू?"

"खरं ते सांगा," सासूबाई म्हणाल्या. "मीच लावते. माझंच सिम आहे."

मुलगी दूरच्या शहरात. अनोळखी नंबर बघून तिने जरा दमातच "कोण?" विचारलं. काकांनी अडखळत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मी त्यावर व्हिडिओ कॉल लावायची आणि तुम्ही कधीच उचलायचा नाहीत. मला वाटलं, मी लांब राहायला गेले म्हणून तुम्ही रुसलात. माझं तोंडसुद्धा बघायचं नाही म्हणताय. म्हणून मग साधा फोनही लावला नाही."

"रुसलो? मी?" काकांनी चष्मा काढला. "अगं, मी तर आपल्या बटणांच्या फोनवर वाट बघायचो. म्हटलं, तुला कामातून सवड होत नसेल."

सासूबाईंनी नाकाला पदर लावला आणि उगीचच एका घड्याळाकडे निरखून बघायला लागल्या. शिट्टीताईंनी व्हिडिओचं बटण दाबून फोन काकांच्या हातात दिला. मुलगी दिसली तसे काका आधी हसले आणि मग एकदम म्हणाले, "केस का गं कापलेस?" त्यावर बापलेकीचं जे सुरू झालं, ते संपेपर्यंत सासूबाईंनी दोनदा चहा केला, तोही काकांचे डबे हुडकून.

मुलीने कंपनीकडे अर्ज केला आणि थोड्याच दिवसांत कुलूप निघालं. काका खोका घेऊन तलावावर हजर. "शब्द दिला होता. फोन तुमचा."

"अजिबात नाही," शिट्टीताई असं कडाडल्या की पाण्यातले सगळे थांबले. "मुलीने दिलेला आहे, मुकाट्याने वापरा."

काका केवढ्याने तरी हसले. भांग विस्कटला तरी त्यांना पत्ता नव्हता.

शिट्टीताईंनी मग एका दुकानातून फोन घेतला. आधी आपलं सिम, मग सासूबाईंचं. दुकानदार वैतागून म्हणाला, "ताई, अजून कोणाचं राहिलंय का?" सासूबाईंनी त्याला तिथेच उभं राहून दोन्ही कंपन्यांचे गुणदोष ऐकवले.

काका मात्र मुलीने दिलेल्या फोनमध्ये पार बुडून गेले. रोज सकाळी सगळ्या वर्गाला फुलं, सूर्योदय आणि वाफाळत्या कपांची चित्रं यायला लागली, तीही एकेक नाही, झुंडीने. शिट्टीताई डोळे चोळत ती बघतात आणि यजमानांना म्हणतात, "ते कुलूप जरा घाईनेच काढलं का हो?"