थोर्दिसचा तपकिरी कोट

त्या वर्षी वसंत आलाच नाही म्हटलं तरी चालेल. मे निम्मा सरला तरी बेटाच्या उत्तर अंगाला घळीत बर्फ तसाच होता, आणि वारा असा की दार उघडायचं तर दोन्ही हात लावावेत. थोर्दिसला मात्र हा उशीर पथ्यावर पडल्यासारखा वाटत होता. शनिवारी तिला कायमचं दक्षिणेला न्यायला बोट येणार होती, आणि एडर बदकं अजून खाडीतच तरंगत होती. ती किनाऱ्यावर चढायच्या आत आपण निघून गेलो की सुंठीवाचून खोकला गेला, असं ती मनाशी घोकत होती.

नवी नवरी म्हणून ती या बेटावर आली, तेव्हा सासूनं पहिल्याच वसंतात स्वतःचा तपकिरी कोट तिच्या अंगावर चढवला. "आता हाच घालायचा. पक्ष्यांना माणूस कळत नाही, कोट कळतो," सासू म्हणाली होती. थोर्दिसला ते मनातून कधी पटलं नाही. इतकी वर्षं ज्यांची राखण केली, ती आपल्याला ओळखत नसतील कशी?

राखण म्हणजे काही पोरखेळ नव्हे. हिवाळा सरताना समुद्रशेवाळ वेचायचं, वाळवायचं, झटकायचं, पुन्हा वाळवायचं, आणि दगड-फळ्यांच्या ठेंगण्या खोपट्यांतून त्याच्या गाद्या घालायच्या. मग लेकी बाळंतपणाला माहेरी याव्यात तशा माद्या येतात आणि नाकं मुरडत एकेक खोपटं धरतात. तिथून पुढं बेटावर कुत्रं नको, हातोडा नको, दोरीवर फडफडणारे कपडे नकोत. राखणदारानं तोच कोट घालून फेऱ्या मारायच्या, गरुडावर आणि पाणमांजरावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. पिल्लं पाण्यात गेली की घरट्यात उरलेली मऊ पिसांची लव आपली, दुलयांत भरायला. आणि एक गोष्ट कुणी सांगायची गरज नसे: पक्षीण बसली की राखणदार बेट सोडत नाही.

थोर्दिसनं कधी सोडलं नाही. तिच्या एकुलत्या एका लेकीला, सिनेवाला, दक्षिणेला त्रोन्हेम शहरात मुलगा झाला तेव्हाही मेच चालू होता. थोर्दिस गेली नाही. सिनेवा त्यावरून भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती भांडलीही नाही.

गेल्या हिवाळ्यात विहिरीपाशी पाय घसरून थोर्दिस पडली आणि शेजारचा एलिफ येईपर्यंत बर्फात पडून राहिली. बेटावर घरं दोनच, तिचं आणि त्याचं. सिनेवानं फोनवर विचारलं, "आता तरी येशील?" थोर्दिस हो म्हणाली. पटलं म्हणून नव्हे, दमली होती म्हणून. मग तिनं यंदा गाद्या घातल्याच नाहीत. खोपट्यांच्या तोंडाशी दगड लावले. दगड लावताना तिला इतकी लाज वाटली की खाडीकडे बघवेना. माळ्यावरचं जुनं वाळलेलं शेवाळ तेवढं किनाऱ्यावर नेऊन टाकायचं होतं, पण गुडघ्यांनी नकार दिला. तिनं ते स्वयंपाकघराच्या पायऱ्यांखाली ढकललं आणि कॉफी प्यायला बसली.

शुक्रवारी, आईला न्यायला आलेली सिनेवा सामान बांधत होती. एलिफ तळलेला कॉड मासा घेऊन आला आणि उंबऱ्यातूनच गरजला, "म्हातारे, उद्या तू गेलीस की मी छपरावर चढून हातोडा आपटणार. चाळीस मे महिने मला कुजबुजायला लावलंस."

"तुझ्या कुजबुजण्यानंसुद्धा ओहोटी लागायची," थोर्दिस म्हणाली. "जेव गुपचूप."

शनिवारी सकाळी वारा पडला. बोट धक्क्याला लागली. खोकी बोटीत चढवून झाली आणि थोर्दिस कोट चढवून शेवटची कडी लावायला मागच्या दाराला गेली. पायऱ्यांखाली शेवाळात तपकिरी मादी अंग फुगवून बसली होती. साऱ्या बेटावर कोरडी जागा तेवढी एकच, आणि ती थोर्दिसच्या आळसानं तयार झालेली.

थोर्दिस खालच्या दगडावर बसली. सिनेवा आली, तिनं पाहिलं.

"आई, एकच आहे ती."

"बसलीय ना पण."

"माझ्या वेळीही बसलीच होती." सिनेवाचा आवाज चढला नाही. "मी दर वर्षी विचारणार नाही हं, आई. मीही दमते."

जावं तर पक्षीण गरुडाच्या तोंडी, राहावं तर लेक हातची जाणार. आता ठरवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

एलिफ मागे उभा होता. जन्मात पहिल्यांदा तो आपणहून हळू बोलला. "कोट दे इकडं."

"तुला होणार नाही."

"बटणं नाही लावत. चालायचं कसं ते सांग."

"सावकाश. डावा पाय ओढत. आणि तोंड बंद."

तिनं कोट काढला. कोटाच्या आत आई इतकी लहान झाली असेल असं सिनेवालाही वाटलं नव्हतं. तिनं स्वतःची शाल आईच्या खांद्यांवर टाकली.

बोट सुटली. एलिफ कोट घालून घराला फेरी मारत होता, डावा पाय ओढत, अगदी तिच्यासारखा. पायऱ्यांच्या अगदी जवळून गेला. थोर्दिसनं कठड्याला घट्ट धरलं. पक्षीण परका माणूस ओळखेल, दचकेल, निदान मान तरी वर करील. त्या क्षणी तिला वाटत होतं, दचकावं तिनं. पक्षीण हलली नाही.

"उठली का गं?" सिनेवानं विचारलं.

"नाही," थोर्दिस म्हणाली. "सासूबाई खरं सांगत होत्या." आणि चाळीस वर्षांत कुणासमोर रडली नव्हती ती लेकीसमोर रडली.