गजभिये बाईंच्या मशीनचं नाव

आमच्या ऑफिसात ग्राहकांना बसायला खुर्ची नव्हती. ती मुद्दाम काढून टाकलेली होती. माणूस उभा असला की तक्रार लवकर आटपतो, असं मॅनेजर साहेबांचं मत होतं. विमल गजभिये पहिल्यांदा आल्या त्या घरून घडीचं स्टूल घेऊन. काउंटरसमोर त्यांनी ते उघडलं, बसल्या, पिशवीतून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "भाऊ, मी विमल गजभिये. माझ्या मशीनचं नाव तुमच्या इथं नोंदवायचं आहे. वेळ लागन, हे मले माहीत आहे. म्हणून बसायचं घेऊन आली."

मी तेव्हा नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत तांत्रिक तक्रारी पाहत होतो. आज ती कंपनी नाही आणि बाईही नाहीत. पण त्यांच्याइतकं शांतपणे आणि सरळ पाठीनं भांडणारं माणूस मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

बाई एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. शिकवणारे ते 'सर' आणि बाई नुसत्या 'बाई'. सर फळ्यावर मोटर काढायचे. मोटर उघडून, हात काळे करून ती चालू कशी करायची, हे मुलींना बाई दाखवायच्या. निवृत्तीनंतरही त्यांनी शिकवणं सोडलं नाही. भंडारा, उमरेड, काटोल, पवनी अशा गावांतल्या सत्तर-ऐंशी बायकांना त्या दर रविवारी ईमेलनं एक पत्र पाठवायच्या. मिक्सर, पंखे, पंप दुरुस्त करून घर चालवणाऱ्या या बायका. प्रत्येक पत्रात एक धडा आणि हातानं काढलेली आकृती. व्हॉट्सॲपवर का नाही पाठवत, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तिथं सकाळपासून फुलं आणि सुविचार येते. त्यात माझा कपॅसिटर कोण शोधन?"

एके दिवशी त्यांचं फुकटातलं ईमेल खातं बंद झालं. एवढ्या लोकांना एकदम एकच पत्र जातं म्हणजे काहीतरी गैरप्रकार असणार, असं त्या मोठ्या कंपनीच्या यंत्रणेनं ठरवलं. बाईंनी चार वेळा अर्ज केला. चारही वेळा शब्दन् शब्द तेच उत्तर आलं.

"वाचणारा माणूसच नाही तिथं," बाई म्हणाल्या. "मंग मी हात कोणाले जोडू? माझं पत्र आता माझ्या घरून जाईन."

त्यांनी जुना कॉम्प्युटर उघडला, साफ केला आणि वयाच्या पासष्टीत पुस्तकं वाचून त्यावर स्वतःचा मेल सर्व्हर, म्हणजे ईमेलचं घरचं टपाल ऑफिसच, बसवला. अडचण पुढे आली. टपालाचं मशीन दुसऱ्या मशीनच्या दारात गेलं की आधी स्वतःचं नाव सांगतं. बाईंचं मशीन सांगायचं 'लोकलहोस्ट', म्हणजे 'मी मीच आहे'. अशा नावावर कोणी दार उघडत नाही. शिवाय आमच्या घरगुती जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता स्थिर नसायचा. वीज गेली, राउटर बंद-चालू झाला, की पत्ता नवा. बाईंनी मशीनला स्वतःचं नाव दिलं आणि पत्त्यावरही उपाय शोधला. बदलता पत्ता नावाला सतत जोडून देणारी एक सेवा असते, ती त्यांनी घेतली. आता त्यांना येणारी पत्रं घरी पोचू लागली. जाणारी मात्र परत येत होती.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी परत आलेल्या पत्रांची छापील चळत माझ्यापुढे ठेवली. मी वरवर पाहिलं आणि जरा तोऱ्यातच म्हणालो, "तुमच्या नावातच चूक आहे. विमल आणि गजभिये यांच्यामध्ये अंडरस्कोर, ती खाली पडलेली रेघ, टाकलाय तुम्ही. मशीनच्या नावात तो चालत नाही. साधी जोडरेषा लागते. नाहीतर नुसतं 'विमल' ठेवा, सुटसुटीत."

त्यांनी अंडरस्कोरचं लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चूक दाखवली, बरं केलं. पण आडनाव गाळून नाव सांगायची पाळी माझ्या बापावर आली होती, भाड्यानं खोली पाहताना. माझ्यावर नाही आली. पुरं नावच राहीन."

मी खाली मान घातली आणि उगाच माऊस हलवत बसलो.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर. जोडरेषा टाकून नाव दुरुस्त झालं होतं, तरी मोठ्या कंपन्यांची दारं बंदच होती. कारण ती मशीनं उलट तपासणी करतात. नाव ऐकून झालं की विचारतात, हा पत्ता कोणाचा? तिथं आमच्या कंपनीची नोंद निघायची, आकड्यांची एक लांबलचक माळ, म्हणजे 'कुठलं तरी घर, रोज बदलणारं'. ती नोंद बदलणं फक्त आमच्याच हातात होतं. एक स्थिर पत्ता द्यायचा आणि त्यापुढे बाईंच्या मशीनचं नाव टाकायचं. दोन मिनिटांचं काम.

"घरगुती कनेक्शनला ते देत नाही आपण," मी म्हणालो. "बाहेरच्या एखाद्या सेवेमार्फत पाठवा ना पत्रं. सगळे तेच करतात."

"म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या दारातून. एकदा काढलं ना मले बाहेर." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "नाही देत, तर काहून नाही देत ते लिहून द्या."

इतक्या वर्षांत कोणी नकार लेखी मागितला नव्हता. मी आत गेलो. मॅनेजर साहेब म्हणाले, "घरी सर्व्हर चालवते म्हणजे काहीतरी धंदा करत असेल. घरी जाऊन बघ. सापडलं की कनेक्शन कापून टाकू."

लकडगंजच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मशीनचं एका बाजूचं झाकण उघडं, समोर टेबल फॅन, कारण मे महिना होता आणि नागपूरच्या उन्हात मशीन तापून बंद पडायचं. बाईंना कूलर नव्हता. पंखा मशीनकडे तोंड करून होता. मी कशाला आलोय हे त्यांनी लगेच ओळखलं.

"धंदा पाहाले आला न? पाहा. आधी पाणी पी."

त्यांनी मला सगळं उघडून दाखवलं. पवनीच्या सुनंदा नावाच्या बाईचं पत्रही दाखवलं. पंपाच्या स्टार्टरचा अर्धा धडा तिला मिळाला होता आणि दुसरा अर्धा अडकला होता. तिनं लिहिलं होतं, 'बाई, मी स्टार्टर खोलून ठेवला आहे. शेतकरी रोज येऊन बसतो. पुढचं कधी पाठवता?'

"तिले फोनवर सांगितलं मी," बाई म्हणाल्या. "सुनंदाचं भागलं. पण बाकीच्या सत्तर जणींले फोनवर आकृती कशी काढून दाखवू?"

परत येऊन मी साहेबांना सांगितलं की धंदा नाही. साहेबांनी मग जास्त दराच्या कनेक्शनची वाट काढली. त्यांनी बाईंना बोलावलं आणि गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, एक सोपं आहे. 'गजभिये रिपेअरिंग' असं काहीतरी नाव टाकून व्यावसायिक फॉर्म भरा. आजच करून देतो."

"मी दुकान नाही, साहेब. मी काही विकत नाही. खोटं काहून लिहू?"

"मग नियमात बसत नाही."

बाईंनी आपला अर्ज टेबलावर ठेवला आणि पिशवीतून आमच्याच कंपनीचा करार काढला. जोडणी घेताना सगळे सही करतात आणि कोणी वाचत नाही, तो. बाईंनी प्रत्येक पान वाचून समासात पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. "यात कुठं आहे तो नियम? मले नाही दिसला."

"अहो, ते सगळ्यांनाच माहीत असतं."

"साऱ्यांले माहीत आहे तर लिहाले काय हरकत आहे?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "कनेक्शन कापून टाकीन." बाई म्हणाल्या, "कापा. पण कारण लिहा आणि खाली सही करा." मग साहेब माझ्याकडे वळले. "सांग रे यांना, नियम आहे की नाही."

मी घाबरट माणूस आहे. नोकरी नवी होती, घरी आईचं औषधपाणी होतं. तरीही त्या क्षणी मला कोरा कागद पुढे सरकवणारा तो हात आठवला आणि तोंडातून निघून गेलं, "नाही साहेब, असा नियम नाही. आपण नुसतं म्हणतो."

 साहेबांनी बाईंचा अर्ज ओढला, रागानं सही केली आणि माझ्या अंगावर टाकला. मी त्याच दुपारी नोंद केली. पत्त्यापुढे नाव टाकलं, जोडरेषेसह, पूर्ण. बाईंनी घरी जाऊन फोन केला. "गेलं गा. दार उघडलं त्यायनं." बस, एवढंच. आनंद त्यांच्या आवाजात फारसा जाणवत नसे, पण परक्या 'भाऊ'चा घरच्या माणसाचा 'गा' झाला होता.

पुढच्या आठवड्यात माझी बदली खांबांवर चढून केबल ओढणाऱ्यांत झाली. बाईंना कळलं तेव्हा त्या हळहळल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं बोलून खांबावर चढला, मंग लाज कायची? हातमोजे आहेत का?" नव्हते. दुसऱ्या दिवशी रबरी हातमोजे घेऊन त्या इतवारीतल्या खांबाखाली, हातगाड्यांच्या गर्दीत उभ्या होत्या. वर बघून त्यांनी मला पट्टा नीट बांधायला लावला आणि मगच गेल्या.

काही वर्षांनी आमची कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. एका फटक्यात सगळे पत्ते बदलले आणि बाईंच्या मशीनचं नाव पुसलं गेलं. नव्या कंपनीला काउंटरच नव्हता. तक्रार ॲपवर करायची होती. बाईंनी शोधून शोधून वर्धा रोडवरच्या एका इमारतीत त्यांचं ऑफिस हुडकलं. पाटी नव्हती, दारात रखवालदार होता. त्याच्या वहीत 'कोणाला भेटायचं' असा रकाना होता. त्यात बाई रोज लिहायच्या, 'जो नाव नोंदवतो त्याले'. वय बहात्तर, गुडघे दुखायचे, तरी ऑटोनं जायच्या आणि पायरीवर बसायच्या. मी म्हटलं, "मावशी, आता सोडा. तब्येत बघा." त्या म्हणाल्या, "तब्येत घरी बसूनही बिघडतेच." तिसऱ्या आठवड्यात एक इंजिनिअर नुसत्या कुतूहलानं खाली उतरला आणि काम झालं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्या गेल्या. शेवटपर्यंत पत्र चालू होतं, यादीत माझंही नाव होतं. ती सगळी पत्रं माझ्याकडे आहेत, पण वेगळं छापून ठेवलंय ते एकच, नाव परत नोंदल्यावर पहिल्या रविवारी आलेलं. त्याची सुरुवात अशी आहे:

'मागचे तीन रविवार पत्र आलं नाही. चूक माझी नव्हती, म्हणून माफी मांगत नाही. आज सीलिंग फॅन. आधी मेन स्विच बंद करा.'